बावीस घरांची स्लाइड

सर पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये दीड-दोनशे फोटो होते आणि सगळे जमिनीचे. गवत, माती, कातळ आणि त्यातून गेलेली एक काळी भेग. प्रत्येक फोटोत भेगेच्या काठाला एक चप्पल ठेवलेली. मी विचारलं, "चप्पल कशाला, सर?"

"मापासाठी. तीन वर्षं हीच चप्पल नेतोय. पहिल्या फोटोत ती भेगेवर आडवी बसते. आता शेवटचा बघा."

शेवटच्या फोटोत चप्पल आत पडू नये म्हणून दगडाला टेकवून ठेवली होती.

शहापूरच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म वगैरे चालतंच, पण माझी ओळख प्रेझेंटेशन करून देणारी म्हणून. बी.एड.च्या मुली येतात, मुख्याध्यापक येतात, बचत गटाच्या ताया येतात, प्लॉट विकणारे येतात. बहुतेकांना वाटतं की स्लाइड म्हणजे भिंतीवर लावलेलं पुस्तकाचं पान. वीस ओळी टाकायच्या आणि पाठ फिरवून वाचत सुटायचं. मी त्यांना सांगते, एका स्लाइडवर एकच गोष्ट. शेवटच्या बाकावरच्या माणसाला चष्म्याशिवाय दिसलं पाहिजे. आणि काहीतरी हललं पाहिजे, कुठेतरी बोट लावता आलं पाहिजे, म्हणजे माणूस जागा राहतो. माझ्या स्लाइड हलतात, त्यांना बोट लावलं की त्या उत्तर देतात, म्हणून लोक माझ्याकडे येतात. याचा मला गर्वच होता.

सर कल्याणच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मुरबाड तालुक्यात धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला एक पाडा आहे, बावीस घरांचा. विद्यार्थ्यांना घेऊन कधीतरी त्या डोंगरावर गेले असताना त्यांना ती भेग दिसली होती. तेव्हापासून ते एकटे जात होते. कचेऱ्यांना पत्रं लिहून झाली होती. एकदा दोन माणसं पाहणीला आली, फोटो काढून गेली. मग सरांनी पाड्यातल्या लोकांनाच गोळा करून समजावून सांगितलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"झोपले," सर म्हणाले. "मी चाळीस वर्षं शिकवलंय. मुलं कधी झोपतात ते मला कळतं. म्हणून तुमच्याकडे आलोय. लोकांनी बघितलं पाहिजे, हात लावला पाहिजे, असं काहीतरी करा."

मी तीन आठवडे त्यावर बसले. सरांच्या फोटोंवरून डोंगराचं चित्र काढलं. खाली बावीस घरं, प्रत्येक घर ओळखू येईल असं. कोणाचे निळे पत्रे, कोणाची मंगलोरी कौलं, कोणाच्या दारात पपई. घरावर बोट ठेवलं की ते मोठं होऊन पुढे यायचं. बाजूला पावसाची एक पट्टी होती. ती बोटाने वर सरकवली की डोंगर हिरव्याचा तपकिरी व्हायचा, तपकिरीचा लाल व्हायचा. पट्टी शेवटाला नेली की डोंगर सुटायचा आणि आवाजासकट घरांवर यायचा.

ते घसरणं मला जमत नव्हतं. पटकन केलं तर खेळातलं वाटायचं. सावकाश केलं तर बघवत नव्हतं. पपईवालं घर एका बाजूला कलंडायचं, मग निळे पत्रे त्याच्याखाली जायचे. पुन्हा मागे, पुन्हा पुढे, असं मी दिवसातून चाळीस वेळा करत होते. एकदा फॉर्म भरायला आलेली बाई माझ्या मागे उभी राहून ते बघत होती. ती फॉर्म न भरताच निघून गेली. मी वळून बघितलं तर दुकानात कोणी नव्हतं आणि मला उगाच गार वाटलं.

सरांना दाखवलं तर ते म्हणाले, "छान झालंय. आवाज मात्र तुम्ही आधी लावलाय. आवाज ऐकू येतो तेव्हा खालच्या माणसाचं संपलेलं असतं."

मी आवाज मागे सरकवला.

शिमगा झाल्यावर एका दुपारी आम्ही पाड्यावर गेलो. मी किन्हवलीला राहते. तिथून मुरबाड, मुरबाडहून धसई आणि पुढे एका टेम्पोतून. लॅपटॉप आणि टॅब मांडीवर आणि प्रोजेक्टर चादरीत गुंडाळून पायाशी. समाजमंदिराच्या खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केला होता. सगळा पाडा आला होता. कोणीतरी चण्याची पुडी फिरवत होतं.

आणि माझी स्लाइड चालली. इतकी चालली की सरांना बोलायला जागाच राहिली नाही. लोक एकेक करून पुढे येऊन टॅबवर आपलं घर दाबून बघत होते. "माजा घर दाव गो." "अरं, आमची पडवी पन काडलीय." बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. मग पोलीस पाटील उठले. पन्नाशीचे, अंगाने भरदार, पाड्यात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी पट्टी वर सरकवली. डोंगर आला, घरं गेली. सगळे एकदम हसले.

"परत पाड रे याचा घर," पाटील शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. त्या शेजाऱ्याशी त्यांचा बांधावरून वाद होता, हे सगळ्यांना माहीत होतं. शेजाऱ्याने उलटून पट्टी सरकवली. "आता तुमचा पाडतो." असं पाच-सहा वेळा झालं. पोरं तोंडाने गडगडाट करायला लागली होती, माझ्या आवाजापेक्षा मोठा.

सर भिंतीला टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते.

चहा झाला. प्रोजेक्टर गुंडाळत असताना एक बाई माझ्याजवळ आल्या. साठीच्या आसपासच्या, काटक. त्यांचं घर सगळ्यात वरचं, कौलारू. त्या हसणाऱ्यांत नव्हत्या, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

"बाय, तुजा पिक्चर चांगला हाय," त्या म्हणाल्या. "पन मना एक इचारायचा हाय. तुज्या डोंगराला घर हलवाया येवडा पाऊस लागतो. आमच्याकरं पाऊस नाय तरी दार कसा लागत नाय?"

"कुठलं दार, मावशी?"

"ये, दावते."

मी त्यांच्यामागून चढून गेले. त्यांचं पुढचं दार सागाचं, जुनं. त्यांनी ते ओढलं तर चौकटीत वरच्या कोपऱ्याला अडकलं, चार बोटं फट राहिली. दाराच्या वरच्या कडेला रंधा मारल्याच्या खुणा होत्या. एकाखाली एक, तीन. पहिली काळपट झालेली, दुसरी पिवळी, तिसरी अगदी ताजी.

"लेक दिवालीला तासून गेला. मग संक्रांतीला तासला. आता शिमग्याला आला तवा परत तासला. आट दिस नीट लागला, परत हाय तसाच."

मी म्हटलं, "लाकूड फुगलं असेल."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. "उन्हाल्यात लाकूड फुगतो होय गो?"

उन्हाळ्यात लाकूड आकसतं. दार सैल व्हायला हवं होतं. दार होतं तेवढंच होतं, चौकट वाकडी होत होती. चौकट वाकडी होत होती कारण भिंत सरकत होती. मी त्या उंबऱ्यावर उभी होते आणि माझ्या पायाखालची जमीन नेहमीसारखीच घट्ट लागत होती, याचीच मला भीती वाटली.

"आणखी कोणाचं दार लागत नाही?"

"इचारलं नाय कोनाला. असा कोन सांगतो गो? घराचा वंगाळ कोन सांगतो?"

परत येताना त्यांनी मला झरा दाखवला. पाणी चहासारखं होतं. "होलीपासून असाच येतोय," त्या म्हणाल्या. "आमी फडक्यातून गालून घेतो."

टेम्पोत मी सरांना सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "मी तीन वर्षं वर बघत होतो. दारं बघायचं सुचलं नाही मला."

त्यानंतर मी ते चित्र, ती पट्टी, तो आवाज, सगळं काढून टाकलं. तीन आठवड्यांचं काम होतं, पुसताना वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मला एक कळलं होतं. मी लोकांना गुंतवलं होतं ते माझ्या डोंगरात. त्यांच्या डोंगराकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. चित्रातला डोंगर पट्टी खाली केली की परत हिरवा होऊन जागेवर बसत होता.

मी पुन्हा पाड्यावर गेले, दोनदा, मावशींकडे राहायला म्हणून. मोबाइलने फोटो काढले. पण घर कोणाचं ते कळू नये अशा बेताने, अगदी जवळून. दाराचा कोपरा. खिडकीच्या गजाखालची चीर. कललेलं आंब्याचं खोड. चुलीमागे भिंतीचा फुगवटा. आणि झऱ्याच्या पाण्याचा ग्लास, दोन्ही खेपांचा एकेक.

मेच्या शेवटी दुसरी बैठक झाली. या वेळी चणे नव्हते आणि माणसंही कमी होती. "तोच पिक्चर का?" कोणीतरी विचारलं. मी पहिली स्लाइड लावली. पडदाभर मावशींच्या दाराचा कोपरा, रंध्याच्या तीन खुणा. खाली मोठ्या अक्षरांत एकच ओळ: हे दार कोणाचं?

मी पुढे गेले नाही, तशीच थांबले. स्लाइड बदलायची नाही, हे बटण दाबण्यापेक्षा कठीण असतं. समाजमंदिरात फक्त प्रोजेक्टरच्या पंख्याचा आवाज येत होता.

"माजा हाय," मावशी म्हणाल्या.

मग मागून एक तरुण सून हळूच म्हणाली, "आमचा पन असाच अडकतो. मागचा."

मी दुसरी स्लाइड लावली. पांढऱ्या पडद्यावर बावीस राखाडी चौकोन, जिथे ज्याचं घर आहे तिथे. बाकी काही नाही. डोंगर नाही, रंग नाही. मी म्हटलं, "ज्याच्या घरात असं काहीतरी होतंय, त्याने येऊन आपल्या घराला बोट लावायचं. ज्याच्याकडे काही नाही, त्याने बसून राहायचं."

मावशी आल्या. त्यांचा चौकोन काळा झाला. मग ती सून आली, सासूकडे न बघता. मग एक म्हातारा काठी टेकत आला, विचारत, "भिंतीची चीर चालल का?" मी म्हटलं, चालेल. मग पाटलांशी वाद असलेला तो शेजारी. मग आणखी दोन बायका एकदम.

सहा चौकोन काळे झाले तेव्हा कुजबुज थांबली. ते इथे-तिथे पसरलेले नव्हते. मावशींच्या घरापासून सुरू होऊन विळ्यासारखी वळत खाली ओढ्याकडे जाणारी ती एक ओळ होती. मधे एकच चौकोन राखाडी राहिला होता. तो पोलीस पाटलांचा होता.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते मांडी घालून बसले होते, हात गुडघ्यांवर. सर काही बोलणार होते, मी त्यांना खुणेनं थांबवलं.

पाटील उठले. पुढे आले, टॅबवर बोट ठेवलं आणि तिथेच उभे राहिले.

"सोयरे येनार होते पोराचा घर बगाया," ते म्हणाले. "सिमिट लावून बुजवली मी. वरून चुना काडला. दोनदा काडला." मग सरांकडे वळून त्यांनी विचारलं, "सर, ही लाइन काय हाय?"

सरांनी एवढंच सांगितलं, "ही त्याची कड आहे. तुटून येईल तो भाग आणि राहील तो भाग, यांच्या मधली."

काळ्या ओळीच्या आत, ओढ्याच्या बाजूला, आणखी पाच राखाडी चौकोन होते. त्यांच्या घरात एकही चीर नव्हती. त्यांची दारं नीट लागत होती. त्या पाच घरांतली माणसं स्वतःच्या चौकोनांकडे बघत होती. त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. सगळी जमीन अखंड सरकत असेल तर मधल्या घराला काहीच कळत नाही.

त्या वर्षी बारा घरांनी पावसाळ्यात ओढ्यापलीकडे राहायचं ठरवलं. पाटलांनी स्वतः लाकडी मेढी रोवल्या, बांधाचा वाद असलेल्या शेजाऱ्याच्या जमिनीवर. शेजाऱ्याने नाही म्हटलं नाही. पत्रे आणि ताडपत्री टाकून झोपड्या झाल्या. आत चिखल व्हायचा, मुलं खोकायची. भाताची आवणी झाली, डोंगर जागेवर होता. गौरी-गणपती आले तेव्हा लोक देव बसवायला मूळ घरी जायचे म्हणू लागले. मावशींचा लेक मुंबईहून आला आणि माझ्यावर चिडून गेला. "माज्या आयला चिखलात निजवलात तुमी, स्लाइड दावून."

डोंगर आला तर मी खरी ठरणार होते. आणि असं मनात आल्याबरोबर मला स्वतःचीच किळस आली.

पहिलं वर्ष तसंच गेलं. दुसऱ्या वर्षी सातच घरं ओढ्यापलीकडे आली.

श्रावणातल्या एका दुपारी, दोनच्या सुमाराला, ओळीचं खालचं टोक सुटलं. ओढ्यालगतचा उतार, दोन घरं आणि एक गोठा. माणसं बेणणीला, भातातलं तण काढायला शेतात होती, जनावरं चरायला. आत कोणी नव्हतं. मावशींनी नंतर मला सांगितलं, आवाज आला तेव्हा त्यांनी मान वर केली तर धूळ बसत होती. भर पावसाळ्यात धूळ कशी, एवढंच त्यांच्या मनात आलं.

मी दुसऱ्या दिवशी सरांबरोबर गेले. चिखलातून एका घराची मोरी तेवढी वर दिसत होती. लोक आमच्या पाया पडायला आले ते मला सहन झालं नाही. पण त्याहून वाईट पुढेच होतं. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले होते. पाटीलच म्हणाले, "यायचा तो येऊन गेला, सर. देवानं राखला. आता घरी जातो."

सरांचा गुडघा तोवर पार गेला होता. दोघांच्या खांद्यावर हात टाकून ते वर चढले, भेगेपर्यंत. उतरले तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. ओट्यावर बसून त्यांनी पाटलांना समोर बसवलं आणि भाताने भरलेली दोन पोती मागवली. एक पोतं उभं केलं, दुसरं त्याच्या पायाशी आडवं.

"हे खालचं पोतं काल गेलं," ते म्हणाले आणि आडवं पोतं पायाने सरकवून दिलं. उभं पोतं पडलं नाही. फक्त किंचित झुकलं आणि तसंच राहिलं.

सगळे त्या पोत्याकडे बघत राहिले. मी आयुष्यभर केलेल्या कुठल्याच स्लाइडकडे कोणी तसं बघितलेलं नाही.

पाटलांनी घर सोडलं. पोराची सोयरीक मोडली ती मोडलीच. मावशी ओढ्यापलीकडे कायमच्या राहायला गेल्या. त्यांच्या लेकाने तिथे दोन खोल्यांचं पक्कं बांधलं, माझ्याशी मात्र तो अजून बोलत नाही. असं करत पंधरा घरं हलली. सात अजून तिथेच आहेत. त्यांतली चार ओळीच्या आत. त्यांच्याकडे दुसरी जमीन नाही, किंवा म्हातारं माणूस हलायला तयार नाही, किंवा त्यानंतर दोन पावसाळे काही झालं नाही तर आता काय होणार, असं त्यांना वाटतं. कचेरीतून तिसरी पाहणी झाली. अहवाल यायचा आहे.

सरांना आता जिनाही चढवत नाही. दर महिन्याला मीच जाते, भेग मोजायला टेप घेऊन. आकडा फोनवरून सांगते. ते लिहून घेतात आणि "बरं" म्हणतात. पूर्वी ते पुढे काहीतरी विचारायचे. आता विचारत नाहीत.

ओळीतल्या चार घरांपैकी एक त्या तरुण सुनेचं आहे. पाऊस लागला की मी तिला रोज संध्याकाळी पाचला फोन करते. ती दोन शब्द बोलते. "हाव, बरा हाय." मागच्या आठवड्यात तीन दिवस सलग पाऊस होता. तिसऱ्या दिवशी पाचला फोन वाजत राहिला. सव्वापाचला पुन्हा केला. साडेपाचला मावशींना केला तर रेंज नाही. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्या पोराच्या शाळेचा प्रोजेक्ट होता, ज्वालामुखी. ते म्हणालं, "ताई, यात लाव्हा हलता दाखवता येईल ना?"

मी म्हटलं, येईल. आणि हात चालूच ठेवले.

सहाला तिचा फोन आला. धसईच्या बाजारात गेली होती, पिशवीत आवाज ऐकू आला नाही म्हणाली. मागे एसटीचा कंडक्टर ओरडत होता.

"बरा हाय ना सगळा?" मी विचारलं. तिच्याशी बोलताना मी तिच्यासारखीच बोलायला लागते.

"हाव," ती म्हणाली. मग आवाज खाली आणून, "ताय, झरा आटलाय. येवड्या पावसात. सकालपासून थेंब नाय."

झऱ्यातून येत नव्हतं ते पाणी डोंगराच्या पोटातच साठत होतं. मी तिला म्हटलं, बाजारातून घरी जाऊ नकोस, सासूला फोन करून खाली बोलाव, मावशींकडे जा. ती म्हणाली, सासू ऐकायची नाय, बगते. मग तिची एसटी आली आणि फोन कट झाला.

मी सरांचा नंबर लावला.